एकबेरीज दफ्तर आणि बाबांचा लॅपटॉप

बाबांचा लॅपटॉप सुरू व्हायला साडेसात मिनिटं लागतात, हे मी एकदा घड्याळ लावून मोजलं. तेव्हा लक्षात आलं की हे रोज सकाळी बटण दाबून मग पूजेला का बसतात. आरती होईपर्यंत पडद्यावर चित्रं उमटलेली असायची. त्यानंतर मराठीचा प्रोग्रॅम उघडायला आणखी तीन मिनिटं. तेवढ्यात चहा. पुण्यात, त्यातून शनिवार पेठेत आयुष्य काढलेल्या माणसाला वाट बघायची सवय असते म्हणा, पण यंदा पावसाळ्यात त्यांनी बटण दाबणंच सोडून दिलं. "जाऊ दे रे, आता नाही होत," एवढंच म्हणाले. मला वाटलं डोळ्यांबद्दल बोलतायत. डावा डोळा तसाही गेल्यातच जमा आहे. पण नाही, ते लॅपटॉपबद्दल बोलत होते.

बाबा या लॅपटॉपवर काय करतात ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की नवा घेऊन टाका ना. आमच्या घरात, म्हणजे आधीच्या वाड्यात आणि आता त्याच जागेवर उभ्या असलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, तीन रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुने कागद बांधून ठेवायचं ते चौकोनी कापड आणि त्यातलं बाड, दोन्हीला रुमालच म्हणतात. त्यात खापरपणजोबांच्या घरखर्चाच्या रोजकीर्दी आहेत, शके १७७० च्या आसपासपासून पुढच्या. सगळं मोडीत. बाबा निवृत्त झाल्यावर भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गात जाऊन मोडी शिकले आणि एकेक पान वाचून देवनागरीत उतरवायला लागले. आधी वह्यांत, आणि २०१२ साली हा लॅपटॉप आल्यावर थेट त्यावर. त्यांची बोटं जुन्या मराठी टाइपरायटरवर घडलेली, त्यामुळे त्याच मांडणीचा एक जुना मराठी प्रोग्रॅम त्यांनी घालून घेतला. तो ज्या दुकानातून घेतला ते दुकान आता नाही. नव्या संगणकावर तो चालत नाही, आणि त्यात लिहिलेली फाइल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. (युनिकोड १९९१ साली आलं आणि विंडोज २००० मध्ये मंगल हा फॉन्ट आला, पण त्याआधीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे तुकडे बसवून काम भागवायचे. त्या जुगाडात मराठीची किती पानं अडकून पडली आहेत देव जाणे.)

धाकट्या भावाने अमेरिकेतून नवा लॅपटॉप पाठवायची तयारी दाखवली. बाबा नको म्हणाले. तेव्हा जुनाच वेगवान करायचा, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

आता कबुली. याआधी मी दोनदा हा उद्योग केला होता आणि दोन्ही वेळा बिघडवून ठेवलं होतं. पहिल्यांदा 'तुमचा संगणक दहापट वेगवान करा' असं सांगणारा फुकटचा प्रोग्रॅम घातला. त्याने रजिस्ट्री की काय ते साफ केलं, तीनशे चुका सापडल्याचं जाहीर केलं आणि स्वतःच रोज सकाळी सगळ्यात आधी सुरू व्हायला लागला. साडेपाच मिनिटांची साडेसहा झाली. दुसऱ्यांदा मी डीफ्रॅग केलं. विंडोज ९८ च्या काळात ते रंगीत चौकोन एकेक करून सरकताना बघत बसणं हा ज्यांचा छंद होता त्यांना माझी भावना कळेल. रात्रभर डिस्क कुरकुरत राहिली. ते किती धोक्याचं होतं हे मला आत्ता कळतंय. त्याकडे येतोच.

या वेळी मात्र आधी रोग शोधायचा ठरवलं. विंडोज ७ मध्ये रिसोर्स मॉनिटर म्हणून एक खिडकी आहे. ती उघडून मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. प्रोसेसर जवळजवळ रिकामा. पाच टक्के, आठ टक्के, पुन्हा पाच. आणि डिस्कची रेघ मात्र वर टेकलेली, खाली यायला तयार नाही. म्हणजे आपण ज्याला मंद म्हणतो त्याचं डोकं मंद नव्हतंच. ते रिकामं बसून कागद येण्याची वाट बघत होतं.

इथे मला हुजूर दफ्तर आठवलं.

आमच्या घरापासून शनिवारवाडा चालत पाच मिनिटांवर. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला त्याचा पाया घातला आणि १७३२ त वास्तुशांत झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. मस्तानी तर सिनेमावाल्यांनी घरोघरी पोचवली. पण पेशव्यांचं राज्य खरं चाललं ते तलवारीइतकंच कागदावर, आणि तो कागद सांभाळणारं जे हुजूर दफ्तर पुण्यात होतं, त्याबद्दल कोणी सिनेमा काढणार नाही. गावोगावचे हिशेब, वसुली, सरंजाम, इनामं, देणगी, खर्च, सगळं तिथे यायचं. नाना फडणवीसांच्या काळात तिथे दोनशेहून जास्त कारकून होते, असं नंतर कंपनी सरकारतर्फे हे दफ्तर तपासणाऱ्या मॅक्लिऑडने नोंदवलं आहे.

या दफ्तराचे मुख्य भाग दोन. एक चालते दफ्तर. हातात असलेलं, चालू हिशेबाचं काम फडणिसाच्या देखरेखीखाली तिथे व्हायचं. दुसरं एकबेरीज दफ्तर. काम संपलेले कागद तिथे जायचे, त्यांची वर्गवारी व्हायची, गोषवारे तयार व्हायचे. मला यातलं शहाणपण फार आवडतं. सगळेच कागद समोर ठेवले तर बसायला जागा उरणार नाही, आणि सगळेच आत ठेवले तर दर प्रश्नाला माणूस आत धाडावा लागेल. म्हणून थोडं हाताशी, बाकी आत, आणि आतलं चटकन सापडावं म्हणून वर गोषवारा.

संगणकाची रचना नेमकी हीच आहे. रॅम म्हणजे चालते दफ्तर, हार्डडिस्क म्हणजे एकबेरीज. बाबांच्या लॅपटॉपला रॅम होती २ जीबी, म्हणजे चार कागद पसरले की भरणारी बैठक. पाचवा कागद हवा असला की आधीचा एक उचलून आत नेऊन ठेवायचा, मग पाचवा आणायचा. आणि हे सगळं करायला कारकून किती? एक. हार्डडिस्कमध्ये वाचणारी टोकं अनेक असली तरी ती सगळी एकाच दांड्यावर बसवलेली असतात, एकत्रच हलतात. नानांकडे दोनशे कारकून आणि आपल्याकडे एक!

(कामं वाटून दिली की वेग वाढतो ही गोष्ट पुण्यानेच नंतर वेगळ्या प्रकारे करून दाखवली. अमेरिका महासंगणक द्यायला खळखळ करत होती म्हणून १९८८ साली इथे सी-डॅक उभी राहिली, विजय भटकर तिचे प्रमुख, आणि १९९१ साली परम ८००० तयार झाला. एकच दांडगा प्रोसेसर नव्हता त्यात. चौसष्ट साधे प्रोसेसर एकमेकांना जोडून कामाला लावले होते. असो.)

हा एकटा कारकून आला कुठून? त्याचा जन्म १९५६ चा. आयबीएमच्या रामॅक नावाच्या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि सगळ्या मिळून त्यात पन्नास लाख अक्षरं मावायची. म्हणजे ५ एमबी, आजच्या मोबाइलवरचा एक फोटो. वजन टनाच्या वर. हवं ते अक्षर सापडायला सरासरी सहा दशांश सेकंद लागायचे. आज हसू येतं, पण त्याआधी चुंबकीय फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत गुंडाळत बसावं लागायचं किंवा पंच कार्डांचे गठ्ठे पिसावे लागायचे. थेट हव्या त्या पानावर उडी मारता येणं ही केवढी मोठी गोष्ट!

आता बाबांची डिस्क बघा. ५०० जीबी. रामॅकच्या एक लाख पट. आणि वेग? रामॅकच्या तबकड्या मिनिटाला १२०० फेरे घ्यायच्या, ही ५४०० घेते. एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद, म्हणजे दांडा योग्य जागी पोचल्यावरही हवं ते अक्षर खाली फिरून येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात. दांडा हलायचा वेळ धरून सतरा-अठरा. सहाशेचे अठरा झाले, तीसेक पट सुधारणा. साठा लाख पट आणि धावपळ तीस पट! कोठार वाढत गेलं आणि कारकून मात्र जवळपास तोच राहिला.

त्यात मागणारे वाढले. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे हजार पट. खापरपणजोबांच्या रोजकीर्दीत लिहायचा मजकूर मात्र तेवढाच आहे. निक्लाउस विर्थ म्हणून स्विस संगणकशास्त्रज्ञ होते, पास्कल भाषा बनवणारे, २०२४ च्या १ जानेवारीला गेले. त्यांनी १९९५ सालीच तक्रार लिहून ठेवली होती की यंत्र जेवढ्या वेगाने चपळ होतं त्यापेक्षा जास्त वेगाने प्रोग्रॅम सुस्त होतात. मला तर वाटतं की ज्यांच्याकडे नेहमी सगळ्यात नवं यंत्र असतं अशा माणसांनी प्रोग्रॅम लिहूच नयेत. (हा माझा जुना राग आहे, सोडून द्या.)

मग उपाय काय? दांडा आणि तबकडी काढूनच टाकायची. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली, आणि आज ज्यातून एसएसडी बनतात तो तिचा नँड प्रकार १९८७ साली जगापुढे आला. एवढ्याशा कप्प्यांत वीजभार कोंडून ठेवायचा, काहीही फिरत नाही, काहीही हलत नाही. कागद आणायला कोणी आत जातच नाही, हात लांबवला की कागद. अठरा मिलिसेकंदाऐवजी एका मिलिसेकंदाचा दहावा भाग. शिवाय आत अनेक चिप असतात आणि एकाच वेळी त्यांच्यातून वाचता येतं. कारकून वाढले म्हणायचे! (मासुओकांना मोबदल्यासाठी आपल्याच जुन्या कंपनीवर खटला भरावा लागला. २००६ साली तडजोडीत ८ कोटी ७० लाख येन मिळाले. साऱ्या जगाच्या खिशात त्यांची वस्तू आहे, त्या मानाने काहीच नाही.)

तर २४० जीबीची एसएसडी आणली, एका दुरुस्तीवाल्याकडून २ जीबीची जुनी रॅमपट्टी मिळवली आणि तपकीर गल्लीतून बारीक पेचकसांचा संच. रॅम यापेक्षा जास्त घालून उपयोग नव्हता. बाबांचं विंडोज ३२ बिटांचं आहे आणि त्याला ४ जीबीच्या पुढे मोजताच येत नाही. विंडोज बदललं तर तो मराठीचा प्रोग्रॅम गेला. तेव्हा जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या एसएसडीवर घ्यायची, एवढं साधं काम. रात्री नऊला प्रत लावली आणि झोपायला गेलो.

सकाळी बघतो तर ६३ टक्क्यांवर अडकलेली. वाचता येत नाही म्हणे.

हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीची एक वही ठेवते, स्मार्ट म्हणतात तिला. ती मी आयुष्यात पहिल्यांदा उघडली. वाचता न येणाऱ्या जागा एकशे बारा. म्हणजे झालं असं होतं की तबकडीवरचे काही भाग पुसट झाले होते आणि डिस्क तिथे पोचली की एकदा वाचून बघायची, नाही जमलं की पुन्हा, नाही जमलं की पुन्हा. डोळा अधू झालेला माणूस कागद उजेडात धरून परत परत बघतो ना, तसं. साडेसात मिनिटांतला बराच वेळ त्यात जात होता. मी ज्याला मंदपणा म्हणत होतो ती डिस्क मरत असल्याची खूण होती, आणि मी तिला रात्रभर डीफ्रॅग करायला लावून पळवलं होतं. आणि तेरा वर्षांच्या या कामाची दुसरी प्रत कुठेही नव्हती. ती घ्यायची जबाबदारी कोणाची, हे बाबांनी विचारलं नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हुजूर दफ्तराचं असंच झालं होतं. तेच मॅक्लिऑड सांगतो की दफ्तराकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारकून जवळपास काढून टाकलेले, आणि कोणीही यावं, हवा तो कागद न्यावा. जे उरलं ते इंग्रजांनी ताब्यात घेतलं, ते मुख्यतः कोणाचं इनाम खरं आणि कोणाचं खोटं हे ठरवण्यासाठी. इतिहास लिहिणाऱ्यांना त्याची दारं बंदच. राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरचे, कोनाड्यातले कागद गोळा करत राहिले. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला, पण पुण्यातलं पेशवे दफ्तर काही त्यांना खुलं झालं नाही. पुढे गोविंद सखाराम सरदेसायांनी ते हजारो रुमाल चाळून १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापले. सरदेसायांचं वय तेव्हा पासष्टीच्या पुढचं. एकेक रुमाल सोडायचा, बघायचा, बांधायचा. सीक टाइम म्हणजे काय हे त्यांना विचारायला हवं होतं.

मीही तसंच केलं. सगळ्या डिस्कची प्रत एकदम घ्यायच्या भानगडीत न पडता आधी फक्त बाबांच्या फाइली, एकेक करून, पेनड्राइव्हवर. जी अडेल ती सोडून पुढची. मग वाचता न येणाऱ्या जागा ओलांडून जाणारा प्रोग्रॅम लावला आणि त्याने दोन दिवस घेऊन उरलेली प्रत एसएसडीवर उतरवली. अडलेल्या फाइलींकडे पुन्हा पुन्हा गेलो. डिस्क थंड करून, रात्री, पहाटे. चारशे अकरा फाइलींपैकी चारशे नऊ आल्या. दोन नाही आल्या. शके १७८३ चे वैशाख आणि ज्येष्ठ.

एसएसडी बसवली, रॅमपट्टी बसवली, पंख्यातला तेरा वर्षांचा बुक्का काढला (पेठेतली धूळ आणि उदबत्ती यांचं मिश्रण फार चिवट असतं), आपोआप सुरू होणारे नऊ प्रोग्रॅम बंद केले. त्यात तो 'दहापट वेगवान' वालाही होता. विंडोज ७ ला २०२० च्या जानेवारीनंतर सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, म्हणून इंटरनेट कायमचं तोडलं. फाइलींच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात पडली तर तिच्यातला वीजभार हळूहळू गळतो, त्यामुळे तिच्यावरही फार विसंबायचं नाही. बटण दाबलं. सव्वीस सेकंद.

बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, "अरे, तो टकटक आवाज येत नाही आता?"

मी म्हटलं, "बाबा, आत फिरणारं काही नाहीच आता." मग त्या दोन फाइलींचं सांगितलं. इतके दिवस मी ते टाळत होतो. त्यांनी ऐकून घेतलं, कपाट उघडलं, दुसरा रुमाल काढला आणि गाठ सोडायला लागले. एकशे चौसष्ट वर्षांचा कागद, कडा थोड्या खाल्लेल्या, पण शाई काळीभोर. मोडी म्हणजे बोरू न उचलता झरझर लिहायची लिपी, ऱ्हस्व-दीर्घाचीही फिकीर नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला, वाचणाऱ्याचा गेला. पण वाचता येते! तेरा वर्षांच्या डिस्कला जे जमलं नाही ते ही पानं मुकाट्याने करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पूजा आधी आटोपली. मग बटण दाबलं आणि खुर्चीवर नीट टेकायच्या आत पडदा उजळला, तर जरा रागावल्यासारखेच झाले. भिंग घेऊन वैशाखापासून पुन्हा टाइप करायला बसले. दहाच्या सुमाराला मला हाक आली.

"मागच्या वेळी इथे प्रश्नचिन्ह टाकलं होतं मी. दोन दिवस डोकं खाल्लं होतं या शब्दानं. लागला आज."

"कोणता?"

"कौलें. पावसाच्या आधी कौलं घेतलीयत. मी तेव्हा भलतंच काहीतरी वाचत होतो."

"मी टाइप करून देऊ का बाबा?"

"तू नको," ते म्हणाले. "तू सरक, उजेड अडवतोयस."